एका डीपीवरच्या नऊ मोटरी

वच्छलाबाईला त्या सकाळी एका जागी बसवत नव्हतं. तानबानं, तिच्या नवऱ्यानं, दोनदा सांगून पाहिलं, "अवं, बस ना जराशी. चहा थंडा होऊन राह्यला." तिनं कप घेतला, दोन घोट घेतले, कप धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, ठेवला आणि पुन्हा संत्र्याच्या झाडांत शिरली. एक फांदी खाली ओढायची, डोळ्यांजवळ आणून पाहायची, सोडायची, की पुढचं झाड.

"काल पाह्यली तेच झाडं हायेत," तानबा ओरडला. त्याचा गुडघा कामातून गेला होता, म्हणून तो खाटेवर बसूनच शेती करायचा. "रातीतून बदलली नाईत."

"बदलली," ती झाडांतूनच म्हणाली. "म्हूनच तं पाहून राह्यली."

ज्यांनी संत्रं फक्त बाजारात पाहिलं आहे त्यांना इथं थोडं सांगायला हवं. संत्र्याच्या झाडाला बारा महिने पाणी देत राहिलं तर ते नुसती पानं काढत बसतं, फुलायचं नाव घेत नाही. म्हणून कारंजा-आष्टी भागातले शेतकरी डिसेंबरात त्याचं पाणी तोडतात. याला ताण देणं म्हणतात. महिनाभर झाड तहानलेलं राहतं, पानं पिवळी पडून गळतात, पाहणाऱ्याला वाटतं की आता हे जातं. मग जानेवारीत पाणी सोडलं की तेच झाड पांढऱ्या फुलांनी भरून जातं. पण एकदा ताण तुटला की पाणी चुकवता येत नाही. झाड फुलायला निघालं आणि मुळाशी ओल नसली तर कळी वाळते, गळते, आणि त्या वर्षाचा बहार संपतो.

वच्छलाबाई संक्रांतीनंतर ताण तोडणार होती. पण ते साल, दोन हजार सहा-सातचं, आपल्याच मनानं चाललं होतं. पावसाळ्यात महिन्याचं पाणी दोन-तीन दिवसांत कोसळलं आणि नाल्यानं निघून गेलं, जमिनीत मुरायला त्याला सवड मिळाली नाही. दिवाळीनंतर थंडी धड पडली नाही. आणि जानेवारी लागता लागता एका पहाटे भलतंच आभाळ आलं, तासभर बुरबुर झाली. मातीचा वरचा पदर ओला झाला, एवढंच. तहानलेल्या झाडांना तेवढं पुरलं. ती संक्रांतीची वाट न पाहता जागी झाली. फांद्यांच्या बेचक्यांत मोहरीएवढ्या हिरव्या कळ्या आल्या होत्या, कालच्यापेक्षा आज फुगलेल्या. त्यांना पाणी हवं होतं, आणि ते याच आठवड्यात हवं होतं.

विहिरीत पाणी होतं. अडत होतं ते वर येण्यात.

शेतीची लाईन, म्हणजे वीज, तेव्हा एक आठवडा दिवसा असायची आणि एक आठवडा रात्री. सोमवारी पाळी बदलायची. हा दिवसाचा आठवडा होता, सकाळी आठ ते दुपारी चार. त्यातला बुधवार उजाडला होता. पुढचा आठवडा रात्रीचा, म्हणजे रानडुकरांचा. त्या वेळी कोण दांड फोडायला जाणार? जे व्हायचं ते रविवारच्या आत.

आठ वाजले. विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीतला लाल दिवा लागला आणि नाल्याच्या दोन्ही काठांनी एकदम घरघर उठली. वच्छलाबाईचा पाईप खोकल्यासारखा वाजला, त्यातून ओंजळभर पाणी पडलं. तेवढ्यात नाल्याच्या वळणावरून फाडकन आवाज आला. घरघर बसली. झाडांतले कावळे उडाले.

"गेली," तानबा म्हणाला.

वच्छलाबाईनं फावडं तिथंच टाकलं आणि वळणाकडे चालू लागली. डीपी तिथं होती. दोन खांबांवर बसवलेला तो विजेचा डबा नऊ विहिरींच्या नऊ मोटरी पोसत होता, आणि या आठवड्यात रोज सकाळी असाच फाडकन उडत होता.

का उडत होता, हे कोणाला शोधून काढायचं नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी हेमराजनं कारंज्याहून एक ऑटो आणला. ऑटो म्हणजे स्टार्टरला जोडायची लहानशी पेटी. लाईन आली की मोटर आपोआप चालू होते, माणसानं बटण दाबायला जायला नको. सोय पाहून लहानूनं आणला, मग एकेक करत नऊही जणांनी. मोटर चालू होताना बैल गाडी उचलताना जसा जोर लावतो तसा जोर लावते, मग हलकी चालते. एकामागं एक चालू केल्या असत्या तर डीपीनं नऊही ओढल्या असत्या. पण ऑटोमुळे नऊ मोटरी एकाच क्षणी उठायच्या आणि डीपीचं कंबरडं मोडायचं. माणसं घरी आरामात होती आणि वावरं कोरडी.

नत्थू वायरमन सायकल बाभळीला टेकवून उभाच होता. हळूहळू सगळे जमले.

"रोज येऊन राह्यलो मी," नत्थू म्हणाला. "घरी बायको पुसते, डीपीसंगं लगन लावलं काय म्हून."

"फ्यूजची तार जाड टाक ना गा," हेमराज म्हणाला. तिशीतला, तोंडात सदा तंबाखू-सुपारीचा खर्रा. "बारीक तार टाकतो अन् मंग रडतो."

"जाड टाकतो. मंग तार नाई जळन, डीपीच जळन. दुसरी कवा येईन ते मले पुसू नोको. चालते?"

हेमराजनं तोंडातला खर्रा दुसऱ्या गालात सरकवला.

"ऑटो काढा," नत्थू म्हणाला. "तुमचा निकाल लागल्याशिवाय मी आज तार टाकत नाई. उद्या आठच्या आत येतो, तवा सांगजा."

"मी आत्ता काढतो," लहानू म्हणाला. वच्छलाबाईच्या समोरच्या काठाला त्याचं वावर होतं, त्यात हरभरा आणि मिरची. "पण मी काढला अन् या हेमराजनं नाई काढला तं? याची मोटर माह्या विहिरीतलं बी पाणी ओढन, अन् मी स्टार्टरपाशी बसून दिव्याकडं पाहत राहीन."

"हो ना. मीच काढतो सगळ्यायच्या आधी. आमच्या घरी पाणपोईच हाय!"

लोक हसले आणि निघू लागले. रोज इथंच संपायचं. वच्छलाबाईला ते हसणं सोसवेना. तिच्या डोळ्यांसमोर कळ्या होत्या.

"नऊच्या नऊ चालल्या तरी काय होते?" ती मोठ्यानं म्हणाली. "नाला आटला. समद्या मोटरी संगं चालल्या की दुपारी विहिरी तळाले लागते अन् मंग हवा ओढते. हेमराज, तुही हवाच ओढत होती ना त्या दिवशी?"

"काकू, माह्या मोटरीचं नाव कायले घेता?"

"घेते, कारण तिचा आवाज माह्या घरापर्यंत येते. मी काय म्हनते, पाच जण बारापर्यंत चालवा, चार जण बारापासून. आधीच्याईची चालून राहीन तवर बाकीच्या विहिरीत झिरा भरन. अन् चालू कराची ती हातानं. एकाचं पाणी पडताना दिसलं की मंग दुसऱ्यानं बटण दाबाचं."

"म्हंजे आर्धंच पाणी," लहानू म्हणाला.

"आता किती भेटून राह्यलं?"

लहानूनं डीपीकडे पाहिलं आणि डोकं खाजवलं. मग त्यानं सगळ्यांच्या मनातलं विचारलं, "अन् दुपारच्या पाळीत कोन? दुपारच्या लाईनचा काय भरोसा?"

"मी," वच्छलाबाई म्हणाली. हे तिनं घरून ठरवून आणलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. पण ते ऐकून दोन जण दुपारच्या पाळीला तयार झाले, आणि सगळे आपल्याकडे पाहताहेत म्हटल्यावर हेमराजही, तोंड वाकडं करून.

"एक गोष्ट राह्यली," लहानू म्हणाला. "सर. त्याईचा ऑटो लागून असन तं माहा बी राहीन, सांगून ठेवतो."

सर म्हणजे प्रभाकरराव. वावर गावात, नोकरी आणि घर कारंज्याला. हायस्कुलात गणित शिकवायचे आणि रविवारी गव्हात उभे राहायचे. त्यांचा सालदार साल अर्ध्यावर टाकून बुटीबोरीच्या कंपनीत गेला होता, तेव्हापासून मोटर ऑटोच्याच भरवशावर.

"पेचकस द्या, मी आत्ता काढतो त्याईचा," हेमराज म्हणाला.

"कोनाच्या पेटीले हात लावाचा नाई. मी इचारून येते."

काळी-पिवळी जीपमध्ये दाटीवाटीनं बसून ती कारंज्याला पोचली तेव्हा शाळेची मधली सुटी चालू होती. प्रभाकरराव व्हरांड्यात दोन मुलांना जमिनीवर खडूनं काहीतरी काढून दाखवत होते. तिला पाहून उठले, हातावरचा खडू झटकला.

तिनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये न बोलता ऐकून घेतलं.

"काकू, तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण ऑटो काढला तर माझी मोटर चालू कोण करणार?"

"मी करीन. पेटीची किल्ली द्या."

प्रभाकरराव थोडे हसले. "मागच्या साली माझा पाईप कोणीतरी कापला. गावात सगळ्यांना विचारलं. कोणालाच माहीत नाही. आता त्याच गावाला किल्ली देऊ?"

"मी नाई कापला."

"तुम्ही कापला असं कुठं म्हणतोय? कोणी कापला ते माहीत आहे ना तुम्हाला?"

तिला माहीत होतं. तिनं पदर नीट केला, पुन्हा नीट केला. "माहीत हाय. सांगनार नाई. सांगतलं तं आज जमवलेलं समदं मोडन. पण तुमची मोटर मी सोता चालू करीन अन् सोताच बंद करीन. दुसऱ्याचा हात लागनार नाई."

घंटा झाली. मुलं वर्गाकडे पळाली. प्रभाकररावांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि त्यातून एक सोडवू लागले. कडी घट्ट होती, नखानं उघडेना. वच्छलाबाईला वाटलं, तेवढ्यात यांचं मन बदलायचं.

"गहू पोटरीत आहे, ओंबी यायचीय," ते म्हणाले. "या पाण्याला चुकलं तर दाणा बारीक पडतो."

"मले सांगता?"

"सवय आहे सांगायची. सकाळच्या पाळीत ना माझी? बारापर्यंत. बारा म्हणजे बारा?"

"बारा म्हंजे बारा," ती म्हणाली आणि किल्ली कमरेला खोचली.

गुरुवारी सकाळी आठच्या आत नत्थूनं तार टाकली. नऊ ऑटो निघाले होते. सरांचा तिनं हेमराजला दूर उभं करून नत्थूकडून काढवून घेतला. जो तो आपापल्या विहिरीवर, स्टार्टरसमोर. कितीतरी दिवसांनी नाल्याच्या काठाला इतकी माणसं एकदम दिसत होती.

आठ वाजले. दिवा लागला नाही.

नऊ वाजले. वच्छलाबाई सरांच्या विहिरीवर बसली, उठली, गव्हाच्या कडेनं एक चक्कर मारून आली, पुन्हा बसली. आपल्या वावरात जाऊन कळ्या पाहून यावं असं वाटे, पण तेवढ्यात लाईन आली तर? समोरून लहानू ओरडला, "वयनी, तिथं खड्डा पडन फिरून फिरून!" ती हसली नाही. दहा वाजले. ऊन चैताचं वाटावं असं चटकत होतं, आणि महिना जानेवारीचा.

साडेदहाला दिवा लागला.

आधी लहानू. त्याच्या पाईपातून पाणी पडलं आणि त्यानं दुपट्टा हवेत फिरवला. मग त्याच्या खालचा. दिवा मंद व्हायचा आणि पुन्हा उजळायचा, आणि दर वेळी सगळे श्वास धरून डीपीकडे पाहायचे. पाचवी सरांची. वच्छलाबाईनं देवाचं नाव घेऊन हिरवं बटण दाबलं. मोटर गुरगुरली, उठली, चालली. डीपी नुसती गुणगुणत राहिली.

"काकू, जमलं!" हेमराज पलीकडून ओरडला. त्याचा आनंद खरा होता. बारा वाजेपर्यंत.

बारा वाजता तो धुऱ्यावर येऊन उभा राहिला. "चला, लहानूभाऊ. बंद करा."

"बंद कायले? दीडच घंटा तं झाला."

"बारा म्हंजे बारा ठरलं होतं."

"आठ म्हंजे आठ बी ठरलं होतं. लाईन उशिरा आली तं माही पाळी उशिराच संपन."

"मंग आमाले काय, चहा पाजता?"

"तुले एवढी घाई हाय तं आधी सरची बंद कर ना. किल्ली तुह्या काकूपाशी हाय."

सगळ्यांनी वच्छलाबाईकडे पाहिलं.

ती पेटीजवळ गेली. कोणालाही वाईट म्हणता येणार नाही असा शब्द तिच्याजवळ होता. बारा म्हणजे बारा, सरांनीच विचारून घेतलं होतं. लाल बटण दाबलं की चार तास तिचे. संत्र्याच्या खालच्या-वरच्या सगळ्या ओळी भिजतील. बोट बटणावर ठेवलं. समोर दांडातलं पाणी गव्हाच्या एका वाफ्यातून दुसऱ्यात उतरत होतं. पुढचे वाफे भेगाळलेले होते, आणि त्यातला गहू पोटात ओंबी धरून उभा. बारा म्हणताना सरांच्या मनात चार तास होते. तिच्याही मनात चार तासच होते. आता तो माणूस फळ्यासमोर उभा असेल आणि त्याला वाटत असेल की आपलं वावर भिजतंय.

तिनं बोट काढून घेतलं. पुन्हा ठेवलं. पुन्हा काढलं आणि धुऱ्यावर आली.

"हे पाहा," ती दोन्ही काठांना ऐकू जाईल असं म्हणाली, "लाईन आली साडेदहाले. जाईन चारले. मधात जेवढा वेळ हाय त्याचे दोन वाटे. सव्वा वाजता सकाळच्या पाच बंद, मंग आपल्या चार चालू."

"हे कोनं ठरवलं?" हेमराज म्हणाला.

"मी."

"काकू, तुमी आमच्या पाळीतल्या ना? का सरच्या?"

"तुले दुसरं सुचत असन तं सांग."

"सुचते ना. बारा!" तो तरातरा आपल्या स्टार्टरपाशी गेला. आता हा बटण दाबतो आणि मग सगळेच दाबतात, असं तिला वाटलं. हेमराज उभा राहिला, डीपीकडे पाहिलं, थुंकला, आणि खाली बसून खर्रा चोळू लागला. चोळता चोळता तिच्या नावानं बरंच काही बोलत होता, ते मोटरींच्या आवाजात ऐकू आलं नाही.

सव्वा वाजता तिनं सरांची मोटर बंद केली. गहू अर्धा भिजला होता. ते पाहून लहानूनंही हात जोडल्यासारखं करून आपली बंद केली. मग ती धावतच आपल्या वावरात गेली.

पाणी दांडातून आलं तेव्हा तानबा काठी टेकत झाडांत येऊन उभा होता. "किती वेळ भेटन?"

"चारपर्यंत. गेली नाई तं."

"मंग वरच्या ओळी?"

वरची जमीन मुरमाड, पाणी पिऊन टाकणारी. खालच्या तीन ओळी करायच्या आणि वरच्या दोन सोडायच्या, हा हिशेब तिनं गव्हाच्या काठावरच करून टाकला होता, फक्त तोंडावर आणला नव्हता. वरची कलमं तानबानं पाय धड होते तेव्हा तळेगावाहून सायकलवर आणली होती, दर खेपेला चार-चार.

"वरच्या ओळीले नाई," ती म्हणाली आणि फावड्यानं आळं फोडलं.

तानबानं वरच्या ओळींकडे पाहिलं. मग म्हणाला, "झाडं तं मरत नाई ना. बहार जाईन यंदाचा. जाऊ दे." आणि काठीनं दांडातला पालापाचोळा बाजूला करू लागला.

लाईन चारच्या आधीच गेली. तिसऱ्या ओळीतली शेवटची झाडं कोरडीच राहिली.

दिवस मावळायच्या आत प्रभाकरराव स्कूटरवर आले. बूट हातात घेऊन गव्हातून फिरले आणि वच्छलाबाईकडे आले.

"अर्धंच भिजलंय."

"हो." तिनं जे झालं ते सांगितलं, साडेदहाचं, बाराचं, सव्वाचं.

"म्हणजे बारा ठरलं होतं आणि तुम्ही सव्वापर्यंत चालवली."

"हो."

"तुमचं पाणी कमी करून."

"वाटा केला."

ते काही वेळ स्कूटरचा आरसा पुसत राहिले. "चांगलं केलं तुम्ही. पण उद्या लाईन नऊला आली तर? एकला आली तर? रोज एक नवीन वाटा करायचा, आणि तो माझ्या वतीनं तुम्हीच करायचा. मी तिकडं वर्गात. तुमच्यावर अविश्वास नाही, काकू. पण असं नाही चालायचं. किल्ली द्या."

ते चिडले असते तर तिला भांडता आलं असतं. तिनं कमरेची किल्ली काढून दिली. स्कूटर गेली.

लहानूनं पलीकडून पाहिलंच होतं. "सरनं किल्ली नेली काय?"

"नेली."

"मंग सकाळी ऑटो लागन त्याईचा." मग दुपट्टा खांद्यावर टाकत म्हणाला, "माहा बी मंग लावाच लागन, वयनी. राग नोको मानू."

घरी तिनं भाकरी टाकल्या, एक करपवली. तानबानं करपलेली आपल्या ताटात घेतली. "सरले आणखी एकडाव सांगून पाह्य."

"काय सांगू? खरंच बोलले ते. मी कोन ठरवनारी?"

शुक्रवारी उजाडल्याबरोबर ती वावरात होती. खालच्या ओळींतल्या कळ्या टपोऱ्या झाल्या होत्या, काहींच्या टोकाला पांढरं दिसत होतं. आता यांना आणखी पाणी लागणार होतं, उद्या लागणार होतं, परवाही. वरच्या ओळींकडे तिनं पाहायचं टाळलं. तरी येताना एका फांदीला खांदा लागला आणि लुगड्यावर वाळलेल्या कळ्यांचे तपकिरी दाणे सांडले. ते झटकून ती सरांच्या विहिरीकडे निघाली. ऑटो लागला असेल तर निदान तसं सगळ्यांना आधी सांगता येईल, म्हणजे डीपी तरी वाचेल.

पेटी उघडी होती आणि तिच्यासमोर एक बाई उभी होती. अंगात स्वेटर, पायांत बाजारात घालायच्या चपला, काखेत पिशवी. चपलांना बोटभर चिखल लागला होता.

"वच्छलाकाकू ना तुम्ही?" ती म्हणाली. "मी इला. यांची बायको. सातच्या आधीच सोडून गेले मला, त्यांची प्रार्थना साडेसातला असते."

"बाप्पा! तुमी इथंसा?"

"रविवारपर्यंत. माझ्या शिकवणीची मुलं आता संध्याकाळी येतील. काल घरी यांनी सगळं सांगितलं. मी म्हटलं, आपल्या वतीनं कोणीतरी तिथं असायला हवं, एवढंच ना? मग मी काय करते घरी?" तिनं पिशवी विहिरीच्या काठावर ठेवली, मग पडेल म्हणून उचलून खाली ठेवली. "ऑटो काढलेलाच आहे. फक्त मला यातलं काही कळत नाही. चालू करायचं ते हिरवं?"

"हिरवं. बंदचं लाल."

"आणि आजही उशीर झाला तर?"

"तं दोन वाटे."

"मग बंद कधी करायची ते कोण सांगणार?"

"आपन ठरवू. तुमी आता इथं हायेत." वच्छलाबाईनं पेटीच्या आत पुन्हा एकदा पाहून घेतलं. ऑटोच्या तारा खरंच मोकळ्या लोंबत होत्या. "पण शॉक लागन, तारेले हात लावू नोका."

"नाही लावत."

पलीकडून लहानूचा आवाज आला. "वयनी! कोन हाय ते?"

"सरच्या घरची!" ती ओरडली. "तू तुहा ऑटो लावला काय?"

पलीकडे पेटीचं झाकण वाजलं. मग, "लावला होता! काढून राह्यलो!"

"लवकर काढ, आठ वाजून राह्यले!"

इला हसू लागली. वच्छलाबाईलाही हसू आलं, पण तिची नजर पेटीतल्या दिव्यावर होती. हेमराज आपल्या विहिरीवर येऊन बसला होता आणि त्यानं तिच्याकडे पाठ केली होती. आला होता, हे खरं.

आठ वाजले. दिवा लागला.

इलाचं बोट लगेच हिरव्या बटणाकडे गेलं. वच्छलाबाईनं तिचं मनगट धरलं. "थांबा, थांबा! आधी लहानूचं पाणी पडू द्या."

दोघी नाल्यापलीकडे पाहू लागल्या. लहानूची मोटर गुरगुरली. पाईपाच्या तोंडातून आधी नुसती हवा आली, फस्स करून, मग पुन्हा हवा. वच्छलाबाईनं इलाचं मनगट सोडलं नव्हतं.